बँकेची फी वाढत चाललीय, क्रेडिट युनियनमध्ये खातं उघडू का?

मागच्या अंकात घराच्या लोनबद्दल लिहिलं होतं, पण त्यानंतर आलेली बरीचशी पत्रं साध्या चेकिंग अकाउंटबद्दलच आहेत. फी वाढली, मिनिमम बॅलन्स वाढवला, आणि कोणीतरी ऑफिसमध्ये सांगितलं की क्रेडिट युनियनमध्ये (सदस्यांच्याच मालकीची, बँकेसारखी चालणारी सहकारी संस्था) जा. म्हणून या वेळी सगळं सदर याच विषयाला दिलंय. पत्रं थोडी कापून घेतलीयत, राग येऊ देऊ नका.

प्रश्न (न्यू जर्सीहून एक वाचक): ताई, आमच्या बँकेने चेकिंगची महिन्याची फी १२ वरून १५ डॉलर केली. आधी पगार तिथे यायचा म्हणून फी माफ होती, आता नवीन नोकरीचा पगार नवऱ्याच्या खात्यात जातो आणि माझ्या खात्यात हजारेक डॉलर नुसते पडून असतात. बँका एवढी फी लावतात तरी कशाला, आणि क्रेडिट युनियनमध्ये खरंच फुकट असतं का?

उत्तर: आधी गणित करून बघा. महिन्याला १५ म्हणजे वर्षाला १८० डॉलर, तेही हजार डॉलर ठेवण्यासाठी, म्हणजे तुमच्याच पैशातले १८ टक्के वर्षाला जातायत आणि वर व्याज जवळजवळ शून्य. हे कळलं की माणूस त्याच दिवशी फोन उचलतो, आणि तुम्ही पण उचला, कारण बहुतेक मोठ्या बँकांत फी माफ व्हायच्या अटी असतात, साधारण महिन्याला ५०० डॉलर डायरेक्ट डिपॉझिट किंवा रोज १,५०० डॉलर शिल्लक अशा काहीतरी. नवऱ्याच्या पगारातले ५०० तुमच्या खात्यात वळवता येतात, पेरोलवाले पगार दोन खात्यांत वाटून देतात. तेही जमत नसेल तर विनाफीचं दुसरं खातं आहे का विचारा, बऱ्याचदा असतं पण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

आता फी का लावतात. बँकेची कमाई तीन ठिकाणांहून येते, ठेवीवर कमी व्याज देऊन कर्जावर जास्त घेतात ती एक, तुम्ही दुकानात कार्ड स्वाइप करता तेव्हा दुकानदाराकडून जी फी मिळते ती दुसरी, आणि थेट तुमच्याकडून घेतलेली फी ही तिसरी. यातली एक कमी झाली की दुसरीवर भर येतो. २०११ मध्ये हे अगदी उघड दिसलं होतं. डेबिट कार्डाच्या एका व्यवहारामागे बँकांना सरासरी ४४ सेंट मिळायचे, डॉड-फ्रँक या बँकांवरच्या कायद्यातल्या डर्बिन दुरुस्तीमुळे ऑक्टोबर २०११ पासून १० अब्ज डॉलरहून मोठ्या बँकांना त्यावर साधारण २१ सेंट अधिक व्यवहाराच्या ०.०५ टक्के अशी मर्यादा आली. बँक ऑफ अमेरिकाने लगेच डेबिट कार्ड वापरायला महिन्याला ५ डॉलर घेऊ असं जाहीर केलं, लोक इतके भडकले की १ नोव्हेंबरला त्यांना ते मागे घ्यावं लागलं. पण तोपर्यंत ५ नोव्हेंबर हा 'बँक ट्रान्सफर डे' ठरला होता आणि खूप लोकांनी आपले पैसे उचलून क्रेडिट युनियनमध्ये नेले. मला तो प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो, कारण ती फी कुठल्या कायद्याने किंवा कोर्टाने थांबवली नाही, खातेदारांनी थांबवली.

क्रेडिट युनियनमध्ये वेगळं काय, तर मालक वेगळे. तिथे बाहेरचे शेअरहोल्डर नसतात ज्यांना दर तिमाहीला नफा दाखवायचाय. तुम्ही ५ किंवा २५ डॉलर भरून एक शेअर घेता आणि सदस्य होता, ५ डॉलरवाल्यालाही एक मत आणि ५ लाखवाल्यालाही एकच मत. बोर्डावरची माणसं सदस्यांतूनच निवडून येतात आणि बहुतेक ठिकाणी विनामानधन काम करतात, शिवाय क्रेडिट युनियनला फेडरल इन्कम टॅक्स नाही (बँकांची त्यावर कायम तक्रार असते, आणि मोठमोठ्या क्रेडिट युनियन्सच्या बाबतीत त्या तक्रारीत थोडं तथ्य आहे असं मला वाटतं). वाचलेला पैसा कमी फी आणि कर्जाचा कमी दर या रूपाने सदस्यांकडे परत येतो. विनाफीचं चेकिंग तिथे सर्रास मिळतं, पण सर्रास म्हणजे सगळीकडे असं नाही, म्हणून खातं उघडायच्या आधी त्यांचा फी शेड्यूल मागा, एक-दोन पानांचा कागद असतो, त्यात महिन्याची फी, ओव्हरड्राफ्ट (खात्यात आहेत त्याहून जास्त पैसे गेले की लागणारी फी), वायर आणि खातं वापरलं नाही तर लागणारी फी हे चार आकडे बघा. चौथा तुमच्यासाठी मुद्दाम सांगतेय, कारण तुमचं खातं नुसतं पडून असतं म्हणालात.

प्रश्न (टेक्ससहून, मुलाकडे राहायला आलेले पुण्याचे एक काका): क्रेडिट युनियन म्हणजे आपली पतसंस्थाच ना? पतसंस्था बुडून लोकांची आयुष्यभराची पुंजी अडकलेली मी जवळून पाहिली आहे. मुलगा तिथे पैसे ठेवायचं म्हणतोय, मी नको म्हणतोय. माझं चुकतंय का?

उत्तर: काका, तुमची भीती अगदी खरी आहे आणि ती घेऊनच पुढे बोलूया. दोन्हींचं मूळ एकच. जर्मनीत रायफायझनने शेतकऱ्यांसाठी ज्या पतपेढ्या काढल्या त्यातून ही सगळी कल्पना निघाली, आपल्याकडे इंग्रजांनी १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा केला. आणि गंमत अशी की अमेरिकेत ही चळवळ यायला भारताचाही हात लागलाय, एडवर्ड फिलीन नावाचे बॉस्टनचे मोठे दुकानदार १९०७ मध्ये भारतात फिरत होते, तिथे त्यांनी बंगालच्या खेड्यांतल्या सहकारी पतपेढ्या पाहिल्या, सावकाराच्या तावडीतून शेतकरी कसा सुटतो ते पाहिलं आणि परत येऊन १९०९ च्या मॅसॅच्युसेट्सच्या क्रेडिट युनियन कायद्यामागे लागले. त्याच सुमाराला न्यू हॅम्पशायरच्या मँचेस्टर गावात गिरणीत काम करणाऱ्या फ्रेंच-कॅनेडियन लोकांनी, क्युबेकच्या आल्फोन्स देजार्दाँ यांच्या मदतीने, देशातली पहिली क्रेडिट युनियन सुरू केली. पुढे १९३४ मध्ये रूझवेल्टनी फेडरल कायद्यावर सही केली.

मूळ एक असलं तरी विम्याच्या बाबतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथेच आहे. आपल्याकडे बँकेतल्या ठेवीला डीआयसीजीसी या रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा संस्थेचं ५ लाखांचं विमा संरक्षण आहे, सहकारी बँकांनाही आहे, पण पतसंस्थांना ते लागू नाही. पाटीवर नाव कसंही असू दे, पतसंस्था ही रिझर्व्ह बँकेच्या परवान्याची बँक नसते, आणि तुम्ही पाहिलेल्या लोकांचं नुकसान इतकं खोल झालं त्याचं मोठं कारण हेच. इथे फेडरल क्रेडिट युनियन्सवर एनसीयूए ही सरकारी संस्था देखरेख ठेवते आणि तिच्या विमा निधीतून प्रत्येक सदस्याची २,५०,००० डॉलरपर्यंतची ठेव सुरक्षित असते, म्हणजे बँकांना एफडीआयसी या सरकारी ठेव विमा संस्थेचं जेवढं आहे तेवढंच. जॉइंट खातं असेल तर दोघांना वेगवेगळं अडीच लाख, रिटायरमेंट खात्याला आणखी वेगळं. हा निधी १९७० मध्ये सुरू झाला आणि तेव्हापासून विम्यातल्या ठेवीतला एक पैसाही कोणा सदस्याचा बुडालेला नाही, २००९ मध्ये क्रेडिट युनियन्सच्या वरच्या थरातल्या मोठ्या संस्था संकटात आल्या आणि सरकारने ताब्यात घेतल्या तेव्हासुद्धा नाही.

एक गोष्ट मात्र मुलाला तपासायला सांगा. काही राज्यांत राज्याच्या परवान्यावर चालणाऱ्या थोड्या क्रेडिट युनियन्स सरकारी विमा न घेता खाजगी विमा घेतात. दारावर किंवा वेबसाइटच्या तळाशी एनसीयूएचं चिन्ह आहे का बघायचं, आणि एनसीयूएच्या साइटवर क्रेडिट युनियनचं नाव टाकून खात्री करायची. चिन्ह नसेल तर मी माझे पैसे तिथे ठेवणार नाही आणि तुम्हालाही ठेवा म्हणणार नाही.

प्रश्न (ओहायोहून, मास्टर्स करणारी एक मुलगी): ताई, एका वीकेंडचे मला तीन ओव्हरड्राफ्ट लागले, प्रत्येकी ३५ डॉलर! मी फक्त विजेचं बिल विसरले होते. बँकवाले म्हणतात नियमाप्रमाणे आहे. क्रेडिट युनियनमध्ये असं होत नाही ना?

उत्तर: होऊ शकतं गं, म्हणून आधी हे झालं कसं ते समजून घे. तू स्टेटमेंट पाठवलंस ते बरं केलंस, तुझ्या परवानगीने इथे मांडते. खात्यात १४० डॉलर होते. शनिवार-रविवारी ६ ची कॉफी, ३८ चं गॅस (म्हणजे गाडीचं पेट्रोल), ५२ चा किराणा, आणि सोमवारी ऑटोपेने ११८ चं वीजबिल. झालं त्या क्रमाने वजा केलं असतं तर पहिले तिन्ही खर्च आरामात बसले असते, ४४ उरले असते आणि फक्त विजेचं बिल कमी पडून एकच फी लागली असती. पण सोमवारी सगळं एकदम पोस्ट झालं आणि बँकेने सगळ्यात मोठी रक्कम आधी घेतली. ११८ गेले, २२ उरले. मग ५२ चा किराणा, तिथे खातं मायनसमध्ये, फी. मग गॅस, फी. मग सहा डॉलरची कॉफी, तिलाही ३५ ची फी. ७४ डॉलर कमी पडले आणि त्यावर १०५ डॉलर दंड. या मोठ्यापासून लहानाच्या क्रमावरून बँकांवर भरपूर खटले झाले, बऱ्याच बँकांनी तो क्रम सोडला, पण सगळ्यांनी नाही, आणि खातं उघडताना सही केलेल्या कागदात तो क्रम लिहिलेला असतो.

आता मुख्य गोष्ट. २०१० पासून नियम असा आहे की एटीएम आणि रोजच्या डेबिट कार्डाच्या व्यवहारावर ओव्हरड्राफ्ट फी घ्यायची असेल तर बँकेला तुझी आधी स्पष्ट संमती लागते. संमती नसेल तर पैसे कमी असताना कार्ड सरळ डिक्लाइन होतं आणि फी शून्य. तू खातं उघडताना कुठेतरी 'हो' वर टिक केलंयस, बहुतेकांकडून असंच होतं कारण विचारताना 'ओव्हरड्राफ्ट प्रोटेक्शन हवं का' असं गोड विचारतात. अ‍ॅपमध्ये जाऊन आजच बंद कर. गॅस, किराणा, कॉफीवरच्या तिन्ही फी लागल्याच नसत्या. चेक आणि ऑटोपेला मात्र हा नियम लागू नाही, त्यामुळे वीजबिलासारख्या गोष्टींचा धोका उरतोच. आणि लागलेली फी माफ करा म्हणून बँकेला फोन कर, पहिल्यांदा असेल तर एक-दोन फी परत करतात, शांतपणे पण हट्टाने बोलायचं.

सरकार काही करेल म्हणून थांबू नकोस. ग्राहक संरक्षण ब्युरोने डिसेंबर २०२४ मध्ये मोठ्या बँकांसाठी ओव्हरड्राफ्ट ५ डॉलरवर आणणारा नियम काढला होता, तो लागू व्हायच्या आधीच २०२५ मध्ये काँग्रेसने रद्द केला. दुसरीकडे सिटी आणि कॅपिटल वनने २०२२ मध्ये ओव्हरड्राफ्ट फी स्वतःहूनच बंद केली, म्हणजे ही फी घेतल्याशिवाय बँक चालत नाही असं कोणी सांगितलं तर ऐकू नकोस.

आणि क्रेडिट युनियनचं म्हणशील तर तिथे याच गोष्टीला बऱ्याचदा 'कर्टसी पे' म्हणतात, फी कधी कमी असते कधी ३० च्या आसपास, आणि काही क्रेडिट युनियन्सची कमाई या फीवर बऱ्यापैकी अवलंबून असते. सदस्यांच्या मालकीच्या संस्थेने अडचणीतल्या सदस्याकडूनच असं घ्यावं हे मला अजिबात पटत नाही. पण तिथे दुसरा एक पर्याय सहज मिळतो तो माग, ओव्हरड्राफ्ट लाइन ऑफ क्रेडिट. कमी पडलेले पैसे छोटं कर्ज म्हणून खात्यात येतात आणि फेडरल क्रेडिट युनियनला कर्जावर १८ टक्क्यांच्या वर व्याज सहसा लावताच येत नाही. तुझे ७४ डॉलर आठवडाभर १८ टक्क्यांनी घेतले असते तर व्याज झालं असतं सव्वीस सेंट.

प्रश्न (सिअ‍ॅटलहून): मी एच-१बी वर आहे, बायकोकडे सोशल सिक्युरिटी नंबर नाही. आम्हाला सदस्य होता येतं का? ज्या कंपनीची क्रेडिट युनियन आहे तिथे मी काम करत नाही.

उत्तर: तुम्हाला नक्की होता येईल. प्रत्येक क्रेडिट युनियनला सदस्य कोण होऊ शकतं याची एक चौकट ठरवून दिलेली असते, कोणाची नोकरीवर, कोणाची काउंटीवर, कोणाची युनिव्हर्सिटीवर, आणि घरातला एक जण सदस्य असेल तर बाकीच्यांना त्याच्यामुळे मिळतं. हल्ली राहता त्या काउंटीवर मिळणाऱ्या भरपूर आहेत, काही एखाद्या संस्थेला लहानशी देणगी दिली की घेतात, आणि एकदा सदस्य झालात की नोकरी किंवा गाव बदललं तरी बहुतेक ठिकाणी सदस्यत्व राहतं. बायकोच्या बाबतीत, नागरिक असावं असा कायदा नाही, पासपोर्ट नंबरवरही ओळख पटवता येते, पण प्रत्येक संस्था आपापलं धोरण ठरवते, काही आयटिन नंबर (सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्यांना टॅक्ससाठी मिळतो तो) मागतात. ऑनलाइन फॉर्म सोशल सिक्युरिटी नंबरशिवाय बऱ्याचदा पुढे जात नाही, म्हणून सरळ ब्रँचमध्ये दोघांनी जा.

प्रश्न (कॅलिफोर्नियाहून): क्रेडिट युनियनने कार लोन बँकेपेक्षा बऱ्याच कमी दराने दिलं, आता म्हणतात आमचं क्रेडिट कार्ड पण घ्या. घेऊ का?

उत्तर: दर चांगला असणार, बँकांची कार्डं वीस टक्क्यांच्या वर गेलीयत आणि फेडरल क्रेडिट युनियन असेल तर वर सांगितलेली १८ टक्क्यांची मर्यादा कार्डालाही आहे. पण सही करायच्या आधी कर्जाच्या कागदात 'क्रॉस-कोलॅटरल' हा शब्द शोधा. बऱ्याच क्रेडिट युनियन्समध्ये असं कलम असतं की एका कर्जाला तारण दिलेली वस्तू तुमच्या तिथल्या बाकीच्या कर्जांनाही तारण राहील. म्हणजे कारचे सगळे हप्ते फेडले, तरी कार्डावर बाकी असेल तर टायटल (गाडीच्या मालकीचा कागद) अडकवून ठेवू शकतात, आणि कार्ड थकलं तर ज्या गाडीचे हप्ते वेळेवर भरताय ती गाडी धोक्यात येऊ शकते. लोकांना हे गाडी विकायला काढल्यावर कळतं. शिवाय कर्ज थकलं तर तुमच्याच तिथल्या बचत खात्यातून पैसे वळते करून घ्यायचा हक्कही त्यांना असतो. माझं मत विचाराल तर कार लोन तिथेच ठेवा, दर खरंच चांगले असतात, पण कार्ड दुसऱ्या कुठल्या तरी संस्थेचं घ्या आणि अडीअडचणीचे पैसेही सगळे एकाच छपराखाली ठेवू नका.

प्रश्न (शिकागोहून): मी ठरवलंय, बँक सोडतोय. भारतात पैसे पाठवायला आणि एटीएमला काही अडचण येईल का? आणि जुनं खातं लगेच बंद करू का?

उत्तर: एटीएमची फारशी नाही. बऱ्याच क्रेडिट युनियन्स एका सामायिक नेटवर्कमध्ये असतात, त्यात ३० हजारांच्या आसपास विनाफीची एटीएम आणि ५ हजारांहून जास्त शाखा आहेत जिथे तुम्ही दुसऱ्याच क्रेडिट युनियनच्या काउंटरवर आपले पैसे भरू-काढू शकता. तुमची त्यात आहे का तेवढं विचारा, नसेल तर बाहेरच्या एटीएमला दोन्हीकडची फी मिळून चार-पाच डॉलर सहज जातात.

पैसे पाठवणाऱ्या अ‍ॅपला कुठलंही चेकिंग चालतं, त्यामुळे महिन्याचे घरी पाठवायचे पैसे जातील. अडचण येते ती उलट दिशेला, भारतातली जागा विकून मोठी रक्कम इकडे आणायची असेल तेव्हा, कारण छोट्या क्रेडिट युनियन्सकडे सहसा स्वतःचा स्विफ्ट कोड (परदेशातून पैसे यायला लागणारा कोड) नसतो, पैसे मधल्या एका संस्थेमार्फत येतात, वेळ लागतो आणि मध्ये फी कापली जाते. असं काही पुढच्या वर्षभरात असेल तर जुनं खातं तोपर्यंत राहू द्या. अजून एक छोटी गोष्ट, क्रेडिट युनियन ठेवीवर जे देते त्याला डिव्हिडंड म्हणतात पण टॅक्सच्या वेळी ते व्याज म्हणूनच १०९९-आयएनटी या व्याजाच्या फॉर्मवर येतं, डिव्हिडंडच्या रकान्यात भरू नका.

खातं लगेच बंद करू नका. आधी नवीन उघडा, पगार तिकडे वळवा, मग जुन्या खात्याचं वर्षभराचं स्टेटमेंट उघडून कोण कोण पैसे खेचतं ते काढा, महिन्याचे लगेच दिसतात पण वर्षातून एकदा जाणारा इन्शुरन्स किंवा एखादं सबस्क्रिप्शन राहून जातं. दोन महिने दोन्ही खाती चालू ठेवा आणि या काळात जुन्यात फी माफ होईल एवढी शिल्लक ठेवता आली तर ठेवा. बंद करताना लेखी विनंती द्या, शिल्लक शून्य करून खातं बंद झाल्याचं पत्र मागून घ्या. काही बँका बंद खात्यावर एखादं ऑटोपे आलं की ते खातं परत उघडतात, मग ते मायनसमध्ये जातं, फी चढत जाते आणि तुम्हाला कळतं ते कलेक्शनवाल्यांचा फोन आल्यावर. ते पत्र हातात असेल तर भांडता येतं, आणि तोपर्यंत महिन्या-दोन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्टवर नजर टाकत राहा.